खर्र्याच्या जागी अंबाडी

कळंबकडे जाणारा डांबरी रस्ता सोडून आत वळलं की थोड्याच अंतरावर एक तांडा लागतो. तिथं चंदाबाई आडेचं घर विचारावं लागत नाही, कारण घराच्या आधी तिचा आवाज भेटतो. बाई ठेंगणी, अंगानं सुकलेली, पण चालायला लागली की जवान पोरींना मागं टाकते. भांडण झालंच तर उद्यावर ठेवत नाही. जिथल्या तिथं मिटवते आणि ज्याच्याशी भांडली त्यालाच चहाला बसवते. कापूस वेचण्यात, अडलेली गाय मोकळी करण्यात, लग्नात गाणी म्हणण्यात तिचा हात धरणारं तांड्यात कोणी नाही. खर्रा घोटण्यातही नव्हतं.

खर्रा काय असतो हे यवतमाळकडच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांना सांगायला हवं. कतरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एका प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा, पन्नी फळीवर घासघास घासायची, आणि जो ओलसर चुरा होतो तो गालात धरून बसायचं. पानठेल्यावर तो तयार मिळतो, पण ठेल्यावरचा चंदाबाईला चालत नसे. "त्याईचा हात मेलेला हाय," असं म्हणून ती सगळं सामान वेगवेगळं आणायची. चुन्याची चपटी डबी तर कायम कमरेला खोचलेली; शेतात फळी नसली की ती तळहातावरच चुना लावून मळायची. दुपारी शेजारच्या लालीबाईच्या ओट्यावर बसून ती दोघींचा खर्रा घोटायची. लालीबाई तिची सगळ्यात जुनी मैत्रीण. दोघी एकाच साली लग्न होऊन तांड्यात आल्या. सासवांचा जाच, पोरांची दुखणी, नवऱ्यांच्या चहाड्या, सगळं त्या ओट्यावर एका पुडीबरोबर वाटून झालेलं. त्यामुळं खर्रा वाईट, हे चंदाबाईला कोणी सांगितलं तर ती मान डोलवायची आणि चुना काढायची.

तिची एकुलती एक मुलगी उर्वशी नर्स आहे. राहते यवतमाळात, नवऱ्याकडे, आणि नोकरी कळंबच्या पुढच्या एका गावातल्या आरोग्य उपकेंद्रात. पावसाळ्यात तिला मुलगी झाली. दिवाळी आटोपून ती बाळाला घेऊन चार दिवस माहेरी आली, आणि निघायच्या सकाळी तिनं विषय काढला. तांड्यात घरातलं बोलणं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत चालतं. इथं ते वऱ्हाडीत सांगितलंय, एवढं समजून घ्यावं.

"याडी," उर्वशी आईला म्हणाली, "संक्रांत झाली का माही सुट्टी सरते. मंग पोरीले कोनाजवळ ठिवाव?"

"कोनाजवळ म्हंजे? मी मेली काय?" चंदाबाईचा गाल फुगलेलाच होता. "तांडा तुह्या वाटेवर हाय. सकाळी जातानी सोडून दे, संध्याकाळी घेऊन जाय."

"तुह्याजवळ नाई ठिवत मी."

चुलीजवळ बसलेल्या खेमसिंगनं, म्हणजे चंदाबाईच्या नवऱ्यानं, बशीतून मान वर केली.

"तुह्या तोंडात खर्रा, हाताले खर्रा, कमरेले चुना," उर्वशी म्हणाली. "पोरगी आता हाती लागन ते तोंडात घालन. तू तिचा पापा घेतला तरी मले धस्स होते. दवाखान्यात रोज लोकाईचे तोंडं पाह्यते मी. आमच्या गल्लीत एक बाई हाय, पोरं सांभाळते. तिच्यासंग बोलून ठिवलं."

चंदाबाईला राग आला असता तर तिला सोपं गेलं असतं. रागाचं काय करायचं हे तिला माहीत होतं. पण तिला फार वाईट वाटलं. परकी बाई नातीला खेळवणार, न्हाऊ घालणार, तिचा पहिला शब्द ऐकणार, आणि सख्खी आजी रस्त्याच्या कडेला बसून एसटी जाताना पाहणार. तिनं तोंडातला खर्रा बाहेर जाऊन थुंकला, चूळ भरली आणि परत आली.

"अन् सोडला तं?"

"सोडला तं तुह्याजवळच. मले का हौस हाय परक्या घरी ठिवाची?" उर्वशीचा आवाज जरा नरम झाला. "पन खरंच सोडला तं, याडी. लपूनछपून नाई."

खेमसिंग खुदकन हसला. "तुही याडी मले सोडन, पन खर्रा नाई सोडत."

"तुमाले तं कवाच सोडाले पायजे होतं," चंदाबाई म्हणाली आणि फळीवरची सुपारी-तंबाखूची पुडी उचलून तिनं चुलीत टाकली. तो वास घरभर पसरला. खेमसिंगच्या तोंडचं हसू गेलं, कारण त्या पुडीत त्याचाही वाटा होता.

पुडी गेली, पण चुन्याची डबी कमरेलाच राहिली. चुना काय, विंचवा-गांधीलमाशीवर लावायला लागतो, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. कोणी विचारलं नव्हतं, तरी ठरवून टाकलं.

पहिले दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, भाकरीला चव नव्हती. ती खेमसिंगवर ओरडली, शेळीवर ओरडली, नळाला पाणी उशिरा आलं म्हणून नळावर ओरडली. खेमसिंगला तिनं बजावलं, खायचा तर पानठेल्यावर खा, चूळ भर आणि मगच उंबरा ओलांड. तो बिचारा नाइलाजानं तसं करू लागला. लालीबाईच्या ओट्यावर जाणंही तिनं बंद केलं, आणि ते तिला तंबाखूपेक्षा जास्त जड गेलं. दुपारी आपल्याच दारात बसून ती समोरचा ओटा पाहायची. लालीबाई तिकडून पाहायची.

अशाच एका दुपारी तिला आठवलं की जन्मात एकदा आपला खर्रा सुटला होता. उर्वशी पोटात होती तेव्हा. तंबाखूच्या नुसत्या वासानं ओकारी यायची, तोंडात काही ठरत नव्हतं. तेव्हा तिच्या याडीनं, बसंतीबाईनं, अंबाडीच्या लाल बोंडांची आंबटगोड चटणी शिजवून दिली होती. मिरची नाही, लसूण नाही, नुसती अंबाडी, मोहफुलं आणि वर कसल्यातरी फळाची साल. ती बोटानं चाटत चंदाबाईनं दिवस काढले. बाळंतपण झालं, महिना उलटला आणि खर्रा परत आला, ही गोष्ट वेगळी. पण त्याला एकदा हरवणारी वस्तू होती, एवढं तिला पुरलं.

अंबाडी शोधायला लांब जायचं नव्हतं. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ती तिच्या घरची दरवर्षी असते, आणि दिवाळीनंतर बोंडं लालबुंद होतात. तिनं ओटीभर बोंडं तोडली, आतली हिरवी बी काढून टाकली आणि नुसत्या जाड लाल पाकळ्या ठेवल्या. संत्री मिळाली पुंडलिकरावांकडे. पुंडलिकराव म्हणजे शेजारच्या गावचे कुणबी शेतकरी. त्यांच्या विहिरीजवळ संत्र्याची काही झाडं आहेत आणि कापसाच्या दिवसांत तांड्यातल्या बाया त्यांच्याकडे वेचणीला जातात. झाडाखाली गळून पडलेली संत्री ते कोणालाही नेऊ देतात. मोहफुलं लालीबाईकडे होती, बैलांना घालायला वाळवून ठेवलेली. मागायच्या निमित्तानं चंदाबाई खर्रा सोडल्यापासून पहिल्यांदा त्या ओट्यावर चढली.

"कायले पायजे?" लालीबाईनं विचारलं.

"शिजवाले."

लालीबाईनं एक भुवई वर केली, पण फुलं दिली.

रात्रभर भिजवलेली फुलं सकाळी कुस्करून गाळली आणि ते पाणी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, आटायला ठेवलं. मोहाचा गोड वास गल्लीत गेला तसे तांड्यातले दोन रिकामटेकडे बाप्ये सहज म्हणून तब्येतीची चौकशी करायला आले. चंदाबाईनं त्यांना गंजात डोकवायला लावलं आणि मग घालवून दिलं. पाक दाट झाल्यावर तिनं अंबाडी टाकली, संत्र्याचा रस ओतला, थोडा गूळ घातला, आणि साली वाया कशाला घालवायच्या म्हणून त्याही तशाच चिरून टाकल्या. रंग असा उतरला की खेमसिंगसुद्धा वाकून पाहायला लागला. पण चव कडू. सालीच्या आतल्या पांढऱ्या भागानं सगळा गंज नासवला होता. तिनं ते शेळीपुढे ठेवलं. शेळीनंही तोंड फिरवलं.

दुसऱ्या वेळी तिनं साल घातलीच नाही. चटणी सुरेख झाली, मऊ, चकचकीत, जिभेला आधी झोंबणारी आणि मग गोड लागणारी. तिनं वाटीभर खाल्ली आणि घटकाभरात हात कमरेकडे गेला. चव तोंडात होती, पण दातांना काम नव्हतं, गालात धरायला काही नव्हतं. तेव्हा तिला कळलं की आपल्याला नुसती तंबाखू नको असते. काहीतरी चावायचं असतं, चघळत बसायचं असतं. मग तिसऱ्या वेळी तिनं साली पाण्यात उकळल्या, ते कडू पाणी फेकून पुन्हा उकळल्या, चमच्यानं पांढरा भाग खरवडून काढला, आणि सुपारीएवढे तुकडे करून पाकात मुरवले. अंबाडी इतकी आटवली की गोळा पळीला चिकटून राहील. थोडी सुंठ घातली. हा गोळा गालात धरला तर तोंड बराच वेळ गुंतून राहायचं, आणि सालीचा तुकडा दातांखाली कचकचायचा.

"हे जमलं," ती खेमसिंगला म्हणाली. हसत नव्हती.

तेव्हापासून ती वेचणीला जाताना स्टीलच्या डबीत ती चटणी न्यायची. लालीबाईनं चव पाहिली, चांगली आहे म्हणाली आणि आपला खर्रा तोंडात टाकला. चंदाबाईनं तोंड दुसरीकडे फिरवलं. पण बसल्या दोघी एकाच बांधावर, आणि बोलल्याही पुष्कळ.

मग ती गोष्ट झाली. कापसाची वेचणी जोरात होती. दुपारच्या सुट्टीत चंदाबाई बांधावर बसली, डबीतला गोळा डाव्या तळहातावर घेतला आणि लालीबाईच्या सुनेचं गाऱ्हाणं ऐकू लागली. गाऱ्हाणं रंगात आलेलं. ऐकता ऐकता तिचा उजवा हात कमरेला गेला, त्यानं चुन्याची डबी उघडली, बोटावर चुना घेतला आणि अंगठ्यानं तळहातावर तो गोळा मळायला सुरुवात केली. इतक्या वर्षांची सवय, हाताला कोणी विचारलंच नाही. मळून झाल्यावर तिनं तो न पाहता ओठात सारला.

अंबाडीचा लाल रंग चुन्यानं बदलतो, निळा-काळा पडतो. चंदाबाईला हे ठाऊक नव्हतं. लालीबाईला तर मुळीच नव्हतं. तिनं बोलता बोलता मैत्रिणीकडे पाहिलं आणि सुनेचं गाऱ्हाणं अर्ध्यावर राहिलं.

"चंदे, तुहे ओठ निळे पडले."

"काय?"

"जीभ दाखव. जीभही काळी पडली माय."

या भागात कापसाच्या शेतात कोणाचे ओठ निळे पडले तर लोक एकच गोष्ट समजतात: औषध बाधलं, फवारा अंगात गेला. बाया धावल्या. एकीनं चंदाबाईला आडवं केलं, दुसरीनं तिच्या तोंडावर पाणी मारलं, तिसरीनं उलटी कर म्हणून घशात बोट घालायचा प्रयत्न केला. चंदाबाई "अवो मले काही नाई झालं" म्हणत होती, पण तोंडात चुन्याचा चटका बसल्यामुळं शब्द बोबडे निघत होते, त्यानं तर सगळ्यांची खात्रीच पटली. पुंडलिकराव मोटारसायकल घेऊन आले. आणि कोणीतरी शहाण्यानं उर्वशीला फोन लावला.

चंदाबाईनं तो फोन हिसकावून घेतला. तेवढ्यात तिला आपला तळहात दिसला. मधोमध निळाकाळा डाग, कडेला लाल. तिनं डाग पाहिला, बाजूला पडलेली चुन्याची उघडी डबी पाहिली, आणि काय झालं ते तिच्या ध्यानात आलं.

"याडी? याडी, बोल ना. उलटी झाली काय? डोळ्यापुढं अंधारी येते काय?" उर्वशी रडकुंडीला आली होती.

खोटं बोलायला जागा होती. फवाऱ्याचा वास लागला, आता बरं वाटतं, असं म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं, वर पोरीची मायाही मिळाली असती. भोवती बाया उभ्या होत्या, पुंडलिकराव उभे होते. चंदाबाई उठून बसली.

"औषध नाई बाधलं. अंबाडीत चुना मळला म्या. सवयीनं."

"म्हंजे डबी कमरेले होतीच," उर्वशी म्हणाली.

"होती."

"अन् तंबाखू?"

"नाई. तुह्या पोरीची आन."

"पोरीची आन नको घेऊ." उर्वशीचा आवाज एकदम कोरडा झाला. "मले वाटलंच होतं. त्या बाईले मी हो म्हनून सांगितलं हाय, याडी. राहू दे आता."

फोन बंद झाला. बायांपैकी एक हसली, मग दुसरी, आणि हसं सगळ्या शेतात पसरलं. पुंडलिकरावांनी मोटारसायकल वळवली. चंदाबाई हसली नाही. तिनं डबी उचलली आणि विळ्यानं बांधाकडेला खड्डा करायला लागली. जमीन कठीण होती, विळा सटकत होता, पण ती करत राहिली. लालीबाई जवळ येऊन बसली.

"फेकून दे ना. खड्डा कायले?"

"फेकली तं उद्या शोधाले येईन मी."

डबी पुरून तिनं वर दगड ठेवला आणि पाय आपटून माती दाबली. मग हात झटकून वेचणीला लागली. त्या संध्याकाळी तिचा कापूस नेहमीपेक्षा जास्तच भरला.

पोरीनं नाही म्हटलं तर आता सोडायचं कोणासाठी, असं खेमसिंगनं तिला विचारलं. त्यात कुचकेपणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. चंदाबाई म्हणाली, "सोडला म्हनलं ना." उर्वशीला तिनं एकदाही फोन करून समजावलं नाही. अंबाडी सुकून जायच्या आत तिनं दोनदा मोठा गंज शिजवला, काचेच्या बरण्या भरल्या आणि फळीवर मांडल्या. तलफ येत होतीच. आली की ती उठायची, काहीतरी काम काढायची, गालात गोळा धरायची आणि तलफ जाईपर्यंत कोणाशी बोलायची नाही. तांड्यानं हळूहळू ही वेळ ओळखायला शिकून घेतलं.

संक्रांत झाली. उर्वशीची नोकरी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी, ती न सांगता आली. बाळ कडेवर, आणि चेहरा दवाखान्यात असतो तसा. आल्या आल्या तिनं बाळ खेमसिंगकडे दिलं आणि घर तपासायला घेतलं. तांदळाच्या कोठीत हात घातला, जात्यामागं पाहिलं, गोधड्या झटकल्या, छताच्या बल्लीवरून हात फिरवला. चंदाबाई दारात उभी राहून पाहत होती. मुलीनं आपल्या घराची अशी झडती घ्यावी, याचा तिला अपमान वाटत होता आणि ती तो गिळत होती. काही सापडलं नाही. बरण्या तेवढ्या सापडल्या. उर्वशीनं एक उघडून वास घेतला, बोट बुडवून चाखलं, आणि झाकण लावलं.

"तोंड उघड," ती म्हणाली.

चंदाबाई उजेडात पाटावर बसली आणि तिनं तोंड उघडलं. उर्वशीनं मोबाइलची बत्ती लावून गाल पाहिले, हिरड्या पाहिल्या, जीभ वर करायला लावली, नाक जवळ नेऊन वास घेतला.

"दात तं तसेच काळे हाय."

"दात आता मसनातच पांढरे होतीन," चंदाबाई उघड्या तोंडानं म्हणाली.

उर्वशी हसली नाही. बत्ती बंद करून ती तिथंच बसून राहिली. तिला आईवर विश्वास ठेवायचा होता, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आणि चुकलो तर लेकरावर बेतेल, ही भीतीही दिसत होती. "मले समजून नाई राह्यलं, याडी," ती एवढंच म्हणाली. चंदाबाईनंही विनवणी केली नाही. केली असती तर कदाचित काम झालं असतं, पण ते तिच्या स्वभावात नव्हतं.

तेवढ्यात खेमसिंगच्या हातात बाळ रडायला लागलं. त्यानं ते घाईघाईनं चंदाबाईच्या मांडीवर ठेवलं. तिनं पाय हलवले, जिभेनं टकटक केलं, पण रडणं थांबेना. मग बाळानं दोन्ही हातांनी तिचं बोट पकडलं आणि सरळ तोंडात घातलं.

चंदाबाईनं चटका बसावा तसं बोट मागं ओढलं. अगदी उर्वशीच्या लहानपणापासून ती असंच ओढत आली होती. चुन्यानं लेकराचं तोंड भाजेल, ही धास्ती हातात मुरलेली होती. आता बोटाला काही नव्हतं, तरी ओढलं गेलं. बाळ जास्तच रडायला लागलं. चंदाबाई आपल्या बोटाकडे पाहत राहिली, पदरानं ते पुसलं, परत पुसलं, आणि तिला रडू आलं. भर दुपारी, सगळ्यांसमोर, जी बाई स्वतःच्या लग्नात रडली नव्हती तिला.

उर्वशीनं पुढं होऊन आईचा हात धरला. ते बोट तिनं स्वतः बाळाच्या तोंडात दिलं.

"चोखू दे तिले," ती म्हणाली.

बाळ गप्प झालं. हिरड्यांनी बोट दाबून चोखू लागलं. उर्वशी अंगणात गेली आणि तिनं यवतमाळच्या त्या बाईला फोन लावला. उद्यापासून मुलीला आणत नाही, ती आजीकडे राहणार आहे, असं तिनं सांगितलं, आणि तिकडून काहीतरी विचारलं गेलं तेव्हा म्हणाली, "हो, माही याडी सांभाळते." आत चंदाबाई हललीही नाही. बोट मुंगायला लागलं होतं, पण बाळाला झोप लागत होती.